शंकासुराचं मंजूर बोलणं

चार माणसं जमली की धोंडू मागे सरकायचा. पंगतीत त्याला काय हवं-नको विचारलं तर तो नुसती मान हलवायचा, आणि वाढणाऱ्याला त्या हलण्याचा अर्थ लागेपर्यंत पंगत पुढे गेलेली असायची. त्याची बायको मथुरा शेजारणींना हसत सांगायची, "लग्नाक म्हयनो झालो तेव्हा ह्या माणसान पयल्यांदा माझा नाव घेतल्यान." पावसाळ्यात दुसऱ्यांच्या मळ्यात लावणीला जायचं, उरलेल्या दिवसांत कोणाचं दार बसवून द्यायचं, कोणाचा पाट नीट करायचा, एवढंच त्याचं जगणं. गावात त्याचा आवाज फारसा कोणाच्या कानावर नव्हता.

पण कार्तिक आला, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या आणि दाजींच्या दशावतारी कंपनीचा पेटारा घराबाहेर पडला, की ह्याच धोंडूला ऐकायला माणसं पार कुडाळापासून चालत येत. धोंडू शंकासूर करायचा.

शंकासूर म्हणजे ब्रह्मदेवाचे वेद चोरून समुद्रात दडवणारा राक्षस. मुख्य आख्यानाच्या आधी तो येतो. अंगात काळा झगा, डोक्यापासून छातीपर्यंत काळं फडकं, त्यावर पांढऱ्या रंगाचे डोळे आणि लोंबणारी लाल जीभ. भटाशी हुज्जत घालतो, नाचतो, लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. बाकीचे देव आणि राजे शुद्ध मराठी बोलतात. शंकासूर तेवढा मालवणी. आणि त्याचं बोलणं कोणी लिहिलेलं नसतं. ज्या गावात जत्रा, त्या गावात वर्षभरात जे काही घडलं असेल ते त्याच्या तोंडी येतं. कोणी शाळेची कौलं आपल्या गोठ्यावर घातली, कोणी शेजाऱ्याचा बांध कोरला, सगळं तिथे उघड्यावर निघायचं. ज्याच्यावर बोलणं आलं तोही हसून घ्यायचा. राक्षस बोलला, त्याच्यावर रागावून करणार काय? आणि शंकासुराशिवाय जत्रा देवाला पोचत नाही, ही जुनी समजूत होतीच.

धोंडू स्वतः फार देवभोळा. फडकं डोक्यावर घेण्याआधी तो पेटाऱ्यातल्या गणपतीच्या पाया पडायचा आणि पुटपुटायचा, "आता मी नाय, तू." त्याला खरंच तसं वाटायचं.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराची. धोंडूच्याच गावच्या, भरडगावच्या देवीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले. देवळाच्या किल्ल्या दोघांकडे, पुजाऱ्याकडे आणि मुख्य मानकरी परशुराम यांच्याकडे. पण देवळाचं अंगण झाडायची, समया घासायची ती सुभद्रा. नवरा मेल्यावर भावाच्या पडवीत राहणारी, मागेपुढे कोणी नसलेली बाई. संशय घ्यायला दुसरं कोण सापडणार? परशुराम मानकऱ्यांनी ठरवलं, देवीलाच विचारू. कौल लावू.

कौल लावायचा म्हणजे देवीच्या दगडी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या दिवशी धोंडू देवळातच होता. पालखीची दांडी निखळली होती, ती बसवायला त्याला बोलावलं होतं, आणि तो गाभाऱ्याच्या बाजूच्या दाराशी वाकून काम करत होता. पुजाऱ्याने उजवीकडच्या पाकळ्या नुसत्या पाण्यात बुडवल्या. डावीकडच्या मात्र चंदनाच्या घट्ट गंधात घोळवून मग लावल्या. मानकरी शेजारी उभे राहून बघत होते. सभामंडपात बसलेल्या लोकांना हे दिसणं शक्य नव्हतं. धोंडूला दिसलं.

गंधाने धरलेल्या पाकळ्या पडणार कशा? पाणी सुकलं आणि उजवी पाकळी पडली. सुभद्रा चोर ठरली. तिने देवळाच्या आवाराच्या आत यायचं नाही, विहिरीला हात लावायचा नाही, तिच्या हातचं कोणी घ्यायचं नाही. ती ओरडली, पायरीवर कपाळ आपटलं. लोक उठून घरी गेले. धोंडूने दांडी बसवली, हत्यारं गोळा केली आणि घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. मथुरेने विचारलं, तेव्हा म्हणाला, "डोक्या दुखता."

पुढच्याच महिन्यात भरडगावची जत्रा होती. त्याच देवळासमोर, त्याच मानकऱ्यांपुढे. पालखी फिरून आली, ओट्या भरून झाल्या, गॅसबत्त्या टांगल्या गेल्या. दाजी स्वतः भट व्हायचे. टक्कल पडलेल्या डोक्यावरून हात फिरवत ते पुढे आले आणि नेहमीसारखे गरजले, "अरे राक्षसा, चोरलेले वेद मुकाट्याने परत दे!"

"मी चोरलंय?" शंकासूर कमरेवर हात ठेवून म्हणाला. "कोणी सांगल्यान?"

"सगळं जग सांगतं आहे."

"जगान बघला काय? थांब, भटा, देवाक इचारूया. कौल लावया."

हे बोलणं आजवर कधी झालं नव्हतं. दाजींना वाटलं, धोंडूला काहीतरी नवीन सुचलंय, आणि त्यांनी डोकं पुढे केलं. शंकासुराने त्यांच्या गळ्यातल्या हारातल्या दोन पाकळ्या तोडल्या. एक भटाच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवून टकलाच्या उजव्या बाजूला लावली. दुसरी दाजींच्याच कपाळावरच्या ओल्या गंधात घोळवली, डाव्या बाजूला दाबून बसवली आणि हात जोडले. "देवा म्हाराजा, चोर शंकासूर असात तर उजवो दी!" थोडा नाच झाला, पखवाज झाला आणि उजवी पाकळी गळून पडली. लोक हसले. मग त्याने सगळं उलट केलं. गंध उजव्या पाकळीला, पाणी डाव्या. "देवा म्हाराजा, चोर ह्यो भट असात तर डावो दी!" डावी पडली.

"बघलास?" शंकासूर लोकांकडे वळला. "एकदा मी चोर, एकदा भट चोर. देव खोटो नाय हां. देव बिचारो गप बसलेलो आसा. बोलता ता गंध!"

मागे बायका बसल्या होत्या, तिकडून हसू उसळलं आणि पुढच्या रांगेपर्यंत येऊन एकदम थांबलं. परशुराम मानकरी उठून उभे राहिले होते. त्यांनी शाल खांद्यावर नीट केली आणि निघून गेले. त्यांच्यामागून आणखी दहा-बारा माणसं उठली. विष्णूने शंकासुराला मारलं, आख्यान झालं, पण नंतर ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

पूर्वी असं काही झालं असतं तर सकाळी मानकऱ्यांनी दाजींना बोलावून चार शिव्या दिल्या असत्या आणि मग मानाचा नारळही हातात ठेवला असता. ह्या वेळी शिव्याही आल्या नाहीत. आठवड्याने पोलीस आला आणि दाजी व धोंडू ह्या दोघांना ठाण्यावर घेऊन गेला.

फौजदार साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांच्यापुढे लांबलचक अर्ज होता. देवीची विटंबना, धर्माची निंदा, गावात अशांतता.

"एवढ्या लोकांच्या सह्या आहेत," ते म्हणाले. "मनात आणलं तर मी खटला भरू शकतो. काय बोललास तू?"

धोंडू मान खाली घालून उभा राहिला. फडक्याशिवाय त्याला तोंड उघडता येईना. दाजींनीच हात जोडले. "साहेब, तो शंकासूर बोलला. पिढ्यानपिढ्या बोलत आलाय. देवळातच बोलतो, देवापुढंच बोलतो. आमची सेवाच आहे ती."

"सेवा असो नाहीतर काही असो. मजकूर कुठे आहे नाटकाचा?"

"मजकूर नसतो, साहेब."

फौजदारांना हे खरंच कळलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "मग लिहून काढा. प्रत्येक पात्राचं प्रत्येक वाक्य. वर पाठवा, मंजूर करून आणा. तमाशावाले आणतात, नाटकवाले आणतात, तुम्ही कोण वेगळे? तोपर्यंत ह्या तालुक्यात तुमच्या कंपनीला परवानगी नाही."

गावच्या शाळेचे मास्तर दशावताराचे शौकीन. त्यांनी धोंडूला समोर बसवलं आणि विचारलं, "बोल, शंकासूर काय म्हणतो?" धोंडू अंगठ्याने जमीन उकरत बसला. मग मास्तरांनीच पाहिलेल्या जत्रा आठवून आठवून लिहिलं. बांधावरचं भांडण लिहिलं, कौलांची चोरी लिहिली, चावट चार वाक्यंही प्रामाणिकपणे लिहिली. पाकळ्यांचं मात्र गाळलं. कागद गेले. पावसाळा आला, दर्या खवळला, निवळला, आणि कागद परत आले. शंकासुराच्या सगळ्या वाक्यांवर तांबड्या पेन्सिलीची आडवी रेघ होती. कंसातलं तेवढं शिल्लक होतं. 'शंकासूर प्रवेश करतो. नाचतो.'

त्या दिवशी धोंडू कोणाला न सांगता मालवणला कचेरीत गेला. दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून राहिला. शेवटी एका कारकुनाने हाक मारली, तेव्हा त्याने कागद पुढे केला आणि जमेल तशा शुद्ध भाषेत म्हणाला, "साहेब, हा राक्षस आहे. वेद चोरतो. राक्षसानं वाईट नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?"

कारकून हसला. माणूस वाईट नव्हता. "अरे बाबा, देवाच्या नाटकात देवाला धरून बोलावं. लोकांना चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात. स्वच्छता आहे, बचत आहे, साक्षरता आहे. असं लिहून आणा, मी सांगतो, लगेच मंजूर होईल."

"पण मगे हसतले कशाक?" धोंडूच्या तोंडून मालवणी निघून गेली. कारकून तोवर पुढच्या माणसाकडे वळला होता.

तो हंगाम कंपनीने घरात काढला. पेटारा दाजींच्या ओटीवर पडून राहिला. राधा होणारा पोरगा मुंबईला गिरणीत गेला, पखवाजवाला वेंगुर्ल्याला एका होडीवर लागला. दाजी रोज संध्याकाळी पेटाऱ्यातल्या गणपतीपुढे दिवा लावायचे आणि धोंडू आला तर त्याच्याशी बोलायचे नाहीत.

एका सकाळी धोंडू कोणाच्या तरी माडाच्या बागेला वई, म्हणजे काठ्यांचं कुंपण घालत होता. बांधावरून सुभद्रा आली आणि बऱ्याच अंतरावर थांबली. आता तिला तीच सवय झाली होती.

"धोंडूदादा, माझ्यासाठी बोल म्हणान तुका कोणी सांगललान रे?"

"कोणी नाय."

"मगे कित्या बोललंस? आदी माका नुसता चोर म्हणत. आता म्हणतत, हिना धोंडूक धरल्यान, हिचा तेच्याशी काय तरी आसा. भावान पडवीक कुलूप लायल्यान. मी गोठ्यात रवतंय."

धोंडूच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलत तो म्हणाला, "मी बघललंय गो. डाव्या पाकळ्यांक गंध लावल्यान ता. माझ्या डोळ्यांफुडे."

सुभद्रेने विचारलं, "बघललंस? त्या दिवसा?"

"व्हय."

"मी पायरेर कपाळ आपटी होतंय, तेव्हा तू थंयच होतंस?"

त्याने मान हलवली. तिला रडू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तोंडार फडक्या घालून बोललंस, ता हसण्यावारी गेला. आता फडक्याशिवाय सांग. चार माणसांत उभो रव आणि म्हण, मी बघललंय. माका दुसरा काय नको."

"सांगतंय," धोंडू म्हणाला. "देवीची आण. सांगतंय."

ती संधी त्याला लवकरच मिळाली. परशुराम मानकऱ्यांनी निरोप धाडला होता. धोंडूने देवीपुढे उभं राहून चूक कबूल करावी, गाऱ्हाणं घातलं जाईल, मग तक्रार मागे घेऊ. कंपनीला भरडगावची आणि आसपासच्या साऱ्या गावांची जत्रा परत मिळेल. मास्तरांनी नवा मजकूर लिहून मंजूरही करून आणला होता, त्यात बचत होती, स्वच्छता होती. अडलं होतं ते एवढ्याशावर.

दाजी धोंडूच्या अंगणात आले. त्या वर्षात ते फार म्हातारे दिसायला लागले होते. "धोंडू, मी तुका पोरासारखो वाढवलंय," ते म्हणाले. "मी काय सांगणा नाय. पण उद्या कंपनी मोडली तर माझ्या बापाशीच्या हातचो ह्यो गणपती मी खंय ठेवू? एकदा 'व्हय' म्हण. देवीक काय, सगळा म्हायत आसा."

धोंडूने मथुरेकडे बघितलं. मथुरा दारात उभी होती. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नको. तुझा तू ठरव." आणि आत गेली. आत चूल पेटलेली नव्हती, हे बाहेरूनही कळत होतं.

सोमवारी सकाळी गाव जमला. देवळाभोवतीच्या चिरेबंदी गडग्याच्या पलीकडे, फणसाखाली सुभद्रा येऊन उभी राहिली. तिला कोणी हाकललं नाही. उलट तिने ऐकावं, असंच सगळ्यांना वाटत होतं. धोंडूने सकाळपासून मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. 'मी बघललंय, डाव्या पाकळ्यांक गंध होता.' एवढंच वाक्य. वाटेत ते त्याने पुन्हा पुन्हा घोकलं होतं.

परशुराम मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "हे देवी माउली, बारा वाडयेच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणाला.

"ह्या तुझ्या लेकरान, धोंडून, राक्षसाचा सोंग घेवन तुझ्या कौलाक नावा ठेवल्यान, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ता तेचा बोलणा खोटा. तुझो कौल खरो. जी चोर ठरली ती चोरच, म्हाराजा..."

ह्या वेळी गाव गप्प राहिला. हे 'व्हय' एकट्या धोंडूने म्हणायचं होतं. त्याने वर बघितलं. देवीच्या तोंडावर डोळ्यांच्या जागी दोन खाचा होत्या. दाजी हात जोडून उभे होते. धोंडूने तोंड उघडलं. जुळवलेलं वाक्य घशापर्यंत आलेलं त्याला कळलं. मग त्याला आपलाच आवाज ऐकू आला.

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. लोक प्रसादाला पुढे सरकले. धोंडूने गडग्याकडे बघितलं, तर फणसाखाली कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी कोणीतरी सुभद्रेला मालवणच्या धक्क्यावर गाठोडं घेऊन बसलेलं पाहिलं. बोटीने मुंबईला गेली म्हणतात. कोणी म्हणे, गोव्याकडे गेली. भावाने शोध केला नाही.

पुढच्या हंगामात भरडगावच्या जत्रेत दाजींची कंपनी पुन्हा उभी राहिली. पुढच्या रांगेत, मानकऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून एक पोलीस शिपाई बसला होता. त्याच्या मांडीवर शिक्का मारलेले कागद होते आणि गॅसबत्तीच्या उजेडात तो एकेका वाक्याखाली बोट फिरवत होता. शंकासूर आला, नाचला. भटाने विचारलं, "राक्षसा, तुझं म्हणणं काय?" फडक्यामागून धोंडूचा आवाज आला, "भटजी, आपण सर्वांनी आपला गाव स्वच्छ ठेवला पाहिजे. काटकसरीने राहून बचत केली पाहिजे." शिपायाचं बोट सरकलं. लोक अजून वाट बघत होते, पुढे काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. मागून एका म्हाताऱ्या बाईने मोठ्याने विचारलं, "ह्या कोण गो बोलता? मास्तर काय?" तेवढ्यावर मात्र सगळे हसले.

असे बरेच हंगाम गेले. धोंडू ठरलेलं बोलायचा, ठरलेलं नाचायचा. आधीच तो कमी बोलणारा, आता घरातही त्याचं बोलणं आटलं. मथुरा भांडायची, रडायची, मुद्दाम आमटीत मीठ घालायची नाही. तो तसंच जेवून उठायचा. मधल्या काळात महाराष्ट्र राज्य झालं, गोवा सुटला, भरडगावला एस.टी. आली. साताऱ्याचे फौजदार बदलून गेले, त्यांच्यामागून दुसरे आले आणि तेही गेले. जत्रेत खुर्ची टाकून बसणारा शिपाई यायचा बंद झाला. कागदांना वाळवी लागली. कोणी मागितले नाहीत.

मग एका दुपारी दाजी काठी टेकत आले. मागे पोरांच्या डोक्यावर पेटारा होता. "धोंडू," ते अंगणातूनच ओरडले, "आता कोण इचारणा नाय रे! नवो फौजदार माका म्हणालो, जत्रेचा नाटक तुमचा तुमी बघा. सोड तोंड! लोक वाट बघतत. माझी ही शेवटची वर्सा."

त्यांनी पेटारा उघडला आणि काळं फडकं स्वतःच्या हाताने धोंडूच्या डोक्यावर घातलं. धोंडू गणपतीच्या पाया पडला. मथुरा ओटीवर येऊन खांबाला टेकून उभी राहिली. दाजींनी छाती फुगवून आवाज लावला, "अरे राक्षसा! बोल, ह्या गावात काय काय बघितलंस?"

धोंडू फडक्यामागे उभा होता. त्याच्या मनात मानकऱ्यांचं नाव आलं, तिथेच पुसलं गेलं. सरपंच आला, पुसला गेला. एस.टी.च्या रस्त्यासाठी कोणाचा मळा गेला आणि कोणाचा वाचला, ते आलं. तेही जिभेपर्यंत पोचलं नाही. दाजींनी पुन्हा विचारलं, मग हलक्या आवाजात विचारलं, "अरे, काय पण बोल. माका शिवी घाल!" फडकं श्वासाने आतबाहेर होत होतं. शेवटी आवाज आला.

"भटजी, आपण सर्वांनी आपला गाव..."

दाजींनी डोळे मिटून घेतले. मथुरा तोंड फिरवून आत गेली. धोंडूने फडकं काढलं, घडी घातली आणि पेटाऱ्यात ठेवलं. तो पुन्हा कंपनीत गेला नाही. दाजींनी दुसरा शंकासूर उभा केला, बरा होता म्हणतात.

फडकं काढून ठेवलं त्याच्या पुढच्याच सोमवारी देवळात बैठक होती. सभामंडपाचं छप्पर बदलायचं होतं, मंगलोरी कौलं आणायची की पत्रा घालायचा ह्यावर बोलणी चालली होती. परशुराम मानकरी थकले होते, भिंतीला टेकून बसले होते. धोंडू आत आला, मधोमध उभा राहिला आणि उघड्या तोंडाने म्हणाला, "सुभद्रा चोर न्हय. डाव्या पाकळ्यांक गंध लायलला. मी बघललंय."

सगळे थांबले. एका तरुण पोराने शेजाऱ्याला विचारलं, "कोण सुभद्रा?" शेजाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

धोंडूने वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने. त्याला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल, धक्का देईल, पोलिसाला बोलावेल. कोणी तरी दटावावं म्हणून तो थांबून राहिला. परशुराम मानकऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांनी ओळखलं होतं. त्यांचे ओठ हलले, पण ते पुजाऱ्याला एवढंच म्हणाले, "तेका तीर्थ दी." कोणीतरी सरकून जागा केली, "बस, धोंडूकाका, उभो कित्या?" आणि पत्रा तापतो का, ह्यावर बोलणी पुढे सुरू झाली. तीर्थ धोंडूच्या बोटांतून गळून गेलं.

त्यानंतर तो मालवणच्या धक्क्यावर जाऊन बसायला लागला. मुंबईची बोट लागली, गोव्याकडची होडी आली की उतरणाऱ्या माणसांना अडवून विचारायचा, "भरडगावची सुभद्रा खंय दिसली काय? तिका सांगूचा आसा, मी सांगलंय म्हणान. सगळ्यांफुडे सांगलंय." लोक त्याला चुकवून पुढे जात. मथुरा येऊन त्याला घरी न्यायची आणि चार दिवसांनी तो परत तिथेच सापडायचा.

एकदा एका हमालाला त्याची दया आली. डोक्यावरचं ओझं उतरवून तो धोंडूपाशी बसला. "बरा, माका सांग," तो म्हणाला, "मी येणाऱ्या-जाणाऱ्याक इचारतंय. कशी दिसता ती?"

धोंडूने आठवून बघितलं. बांधावर थांबलेली, फणसाखाली उभी राहिलेली. तिचं तोंड काही त्याच्या डोळ्यांपुढे येईना.

"लांब उभी रवता," तो म्हणाला.